तालमीच्या माडीवरून देशाच्या संग्रहालय संघापर्यंत : नवख्यांसाठी वाट

आमचं संग्रहालय म्हणजे कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या तालमीच्या माडीवरच्या दोन खोल्या. खाली आखाडा, वर मुद्गल आणि करेला हे व्यायामाचे लाकडी सोटे, दांडपट्टे, कुस्तीच्या मैदानांची हँडबिलं, फेटे, चांदीच्या गदा आणि काचेआड ठेवलेले, भिंग लावून बघावे लागतील असे फोटो. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा वस्तादांनी किल्ली हातात ठेवली. "मास्तर, आता तुम्हीच बघा हे. पोरांना यातलं काय कळत न्हाई."

मलाही कळत नव्हतं. मी पहिलं काम काय केलं, तर पत्र लिहायला बसलो. देशात संग्रहालयांचा एक संघ आहे असं ऐकलं होतं. त्याच्या नावानं मजकूर तयार केला : 'लोखंडी कपाटांसाठी आर्थिक साहाय्य मिळावे, ही नम्र विनंती.' पोस्टात टाकायच्या आधी एका कार्यशाळेत शेजारी बसलेल्या जुन्या क्युरेटरबाईंना दाखवलं. त्यांनी ते वाचून घडी घातली आणि विचारलं, "तुमच्याकडे वस्तू किती?"

"असतील चारशे-पाचशे."

"असतील म्हणजे?"

घरी आल्यावर मोजल्या. ३१२ भरल्या. पत्र अजून फाइलमध्ये आहे.

तालीम, वाचनालय, शाळा, देऊळ, एखादा जुना वाडा, अशा ठिकाणी वस्तू जमलेल्या आहेत आणि 'आपण राष्ट्रीय संघटनेशी जोडून घ्यावं का, मिळतं काय' असा प्रश्न पडलेल्यांसाठी हे लिहितोय. क्रम माझ्या चुकांनी ठरवला आहे. सदस्यत्वाचा फॉर्म सहाव्या पायरीला येतो, त्याला तसंच कारण आहे.

१. आधी कोण कोण आहे ते ओळखा

नवखा माणूस तीन गोष्टींची गल्लत करतो : संघ, आयकॉम आणि सरकार.

संघ म्हणजे भारतीय संग्रहालय संघ. स्थापना १९४४ची. संग्रहालयात काम करणाऱ्यांनी स्वतःसाठी उभी केलेली ही संघटना आहे, सरकारी खातं नव्हे. अधिवेशनं, नियतकालिक, चर्चा, एकमेकांच्या अनुभवाची देवाणघेवाण हे तिचं काम.

मुळात ही कल्पना इंग्लंडातली. तिथे १८८९ साली यॉर्कमध्ये जगातली पहिली संग्रहालय संघटना स्थापन झाली. तिच्याच वतीने मार्कहॅम आणि हारग्रीव्ह्ज या दोघांनी भारतातली संग्रहालयं पालथी घातली आणि १९३६ साली अहवाल दिला. तेव्हा अख्ख्या उपखंडात संग्रहालयं शंभराच्या जरा वर, आणि बहुतेक ठिकाणी पैसा नाही, शिकलेली माणसं नाहीत. पुढे आठ वर्षांनी आपला संघ आला. अहवाल वाचून मला गंमत वाटली ती अशी की त्यातल्या तक्रारी आमच्या माडीलाही तंतोतंत लागू पडतात.

आयकॉम ही आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषद. १९४६ साली स्थापन झाली, मुख्यालय पॅरिसला. तिच्या अनेक देशांत राष्ट्रीय समित्या आहेत, तशी भारतातही आहे. शिवाय विषयवार समित्या आहेत : दस्तऐवजीकरणाची, जतनाची, शिक्षणाची वगैरे.

सरकार म्हणजे दिल्लीचं संस्कृती मंत्रालय आणि राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय. आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधलं संग्रहालय राज्याच्या या खात्याचं. अनुदान हवं असेल तर दार सरकारचं वाजवायचं. संघाचं दार वेगळ्या कामासाठी आहे. एवढं डोक्यात बसलं की निम्मी वणवण वाचते.

२. आपलं 'संग्रहालय' आहे का, हे स्वतःला विचारा

आयकॉमने २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्रागमध्ये संग्रहालयाची नवी व्याख्या मंजूर केली. ती लांबलचक आहे. माझ्या भाषेत सांगायचं तर संग्रहालय ही नफ्यासाठी नसलेली, कायमस्वरूपी, समाजाच्या सेवेतली संस्था आहे. ती वारसा जमवते, जपते, अभ्यासते, समजावून सांगते आणि मांडते. वारसा म्हणजे हाताला लागणारा आणि न लागणाराही. आणि ती सगळ्यांना खुली असते.

आता आरशासमोर उभं राहून चार प्रश्न विचारा. आठवड्याचे ठरलेले दिवस-तास आहेत का? (आमच्याकडे 'वस्ताद असतील तेव्हा' अशी वेळ होती.) बाई माणूस एकटी येऊन बघू शकते का? तालमीच्या माडीवर जायचा जिना आखाड्यातून जात होता, त्यामुळे पेठेतल्या अर्ध्या लोकसंख्येनं ते संग्रहालय कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही मागच्या बोळातून लोखंडी जिना काढला. पुढे संघाच्या अधिवेशनात मी सांगितलेल्या गोष्टींपैकी लोकांनी सगळ्यात जास्त दाद दिली ती त्या जिन्याला. तिसरा प्रश्न, तुम्ही किल्ली ठेवून गेलात तर उद्या कोण उघडणार? आणि चौथा, वस्तू संस्थेच्या मालकीच्या आहेत की कुणाच्या घरच्या?

'हाताला न लागणारा वारसा' हे वाचून घाबरू नका. डाव कसा टाकायचा हे वस्तादांच्या तोंडून ऐकून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवलं, तरी तो संग्रहच.

३. कागदाचा पाया

हे कंटाळवाणं आहे, पटकन उरकतो. संस्था नोंदणीकृत हवी. आपल्याकडे बहुतेक संस्थांची १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद असते. घटना काढून उद्देशाचं कलम वाचा. आमच्या घटनेत 'व्यायाम, कुस्ती व बलोपासना' एवढंच होतं, संग्रहालयाचा शब्द नाही. म्हणजे कागदावर माडीवरचा सगळा पसारा बिनबापाचा. सर्वसाधारण सभेचा ठराव, घटनादुरुस्ती, धर्मादाय कार्यालयात अर्ज, हे सगळं करावं लागलं. वकील एक दिवसात होईल म्हणाले. दोन पावसाळे गेले. तेव्हा हे काम आजच सुरू करा आणि तोवर पुढच्या पायरीला लागा.

४. दाखल नोंदवही : इथे घाई करू नका

टाऊन हॉलच्या संग्रहालयात पितळी रंगाची एक छोटी मूर्ती आहे, ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडनची. कांस्याची. ती १९४०च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, म्हणजे आमच्या तालमीपासून चालत जाण्याच्या अंतरावर, उत्खननात सापडली. ती कुठे आणि कशासोबत मिळाली याची नोंद झाली, म्हणून आज आपण ठामपणे म्हणू शकतो की पंचगंगेच्या काठचं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या व्यापाराशी जोडलेलं होतं. तीच मूर्ती कुणी उचलून बोहारणीला दिली असती किंवा घरातल्या देव्हाऱ्यात ठेवली असती, तर ती एक दाढीवाली बाहुली राहिली असती.

नोंदवहीचं काम हे असं आहे. संघाच्या कुठल्याही माणसाला भेटा, पहिला प्रश्न तिचाच येतो.

बांधणीची जाड वही घ्या, सुटी पानं नकोत. पानांवर आधीच क्रमांक घाला. रकाने असे : दाखल क्रमांक, तारीख, वस्तूचं नाव (इथलं बोलीतलं नावही), वर्णन, कशाची बनलेली, मापं सेंटिमीटरमध्ये, वजन, स्थिती (तडा, गंज, कसर), कुणाकडून, कशी मिळाली (दान, खरेदी, उसनी), त्यामागची गोष्ट, ठेवायची जागा, फोटो क्रमांक, नोंद करणाऱ्याची सही. खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही. पुन्हा लिहायचं.

क्रमांकाची पद्धत साधी ठेवा : वर्ष, त्या वर्षातलं कितवं दान, त्या दानातली कितवी वस्तू. २०२३.७.२ म्हणजे २०२३ मधल्या सातव्या दानातली दुसरी वस्तू. आधीपासून पडून असलेल्या आणि कुणी दिल्या ते माहीत नसलेल्या वस्तूंना वेगळी मालिका द्या. खोटी आठवण रचून 'अमक्यांनी दिलं' असं लिहू नका. वस्तादांचा माझ्याशी सगळ्यात मोठा वाद यावरच झाला. प्रत्येक मुद्गलाला ते एक नामांकित पैलवान जोडायचे. शेवटी आम्ही तोडगा काढला : 'गोष्ट' या रकान्यात 'वस्तादांच्या सांगण्यानुसार' असं लिहून ती घ्यायची, 'कुणाकडून' हा रकाना कोरा.

क्रमांक वस्तूवर कसा घालायचा, यात नवख्यांचे हात सर्वात जास्त पोळतात. धातू आणि दगडावर, खालच्या किंवा मागच्या बाजूला, पॅरालॉइड बी-७२ या राळेचा ॲसिटोनमध्ये विरघळवलेला पारदर्शक थर द्यायचा, वाळला की त्यावर बारीक निबने क्रमांक, त्यावर पुन्हा एक थर. तो पुढे कधीही काढता येतो. लाकडाला आणि सच्छिद्र वस्तूला सुती नाडीने कागदी चिठ्ठी बांधा. फेट्याला, कापडाला मांजरपाटाच्या पट्टीवर क्रमांक लिहून ती चार सैल टाक्यांनी शिवा. फोटो आणि कागदाला मागच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिल. बॉलपेन, मार्कर, सेलोटेप आणि स्टेपलर या चौघांना माडीच्या जिन्यावरच अडवा. मी १९५०च्या आसपासच्या एका मैदानाच्या हँडबिलावर सेलोटेप लावली होती. आता तिथे तपकिरी पट्टा आहे आणि मैदानाची तारीख त्याच्याखाली गेली.

संगणकावर एक तक्ता ठेवाच, त्याची प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. पुढे वाढलात तर पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी 'जतन' नावाची संगणकप्रणाली केली आहे. देशातल्या मोठ्या संग्रहालयांची माहिती तिच्यात आहे. पण कागदी वही सोडायची नाही. पुरात वीज आठ-आठ दिवस नसते.

आणि दानपत्र. एका पैलवानाच्या घरच्यांनी त्यांची गदा आम्हाला हौसेने दिली, हार-तुरे झाले, फोटो निघाले. तीन वर्षांनी नातू आला आणि "आमची गदा द्या" म्हणाला. आमच्याकडे हाराचा फोटो होता, कागद नव्हता. गदा गेली. दानपत्रात इतकं तरी हवं : देणाऱ्याचं नाव-पत्ता, वस्तूचं वर्णन, 'ही माझ्या पूर्ण मालकीची असून संस्थेस कायमची देत आहे' हे वाक्य, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, शक्यतो इतर वारसांची संमती. वस्तू 'ठेवायला' देत असतील तर ते दान नव्हे. उसनवारीचा वेगळा कागद करा, मुदत घाला.

५. काय घ्यायचं नाही

आयकॉमची नीतिसंहिता १९८६ साली आली आणि २००४ मध्ये सुधारली गेली. सदस्य होताना ती पाळण्याचं बंधन येतं. तिच्यातला गाभा असा की मिळालेली वस्तू कायदेशीर मार्गाने आली आहे का, याची खातरजमा करायची जबाबदारी घेणाऱ्याची. आपल्या कोल्हापूरच्या मापाने ती मी अशी बसवली आहे :

पुरावस्तू. १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, चित्र, नाणं वगैरे पुरावस्तू ठरते. हस्तलिखिताला ७५ वर्षं. दगड, धातू, भाजलेली माती, हस्तिदंत यांची शिल्पं, चित्रं आणि सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे करावी लागते. कुणी जुनी मूर्ती देतो म्हणाला की पहिल्यांदा नोंदणीचं प्रमाणपत्र मागा आणि मालकी बदलल्याचं त्या कार्यालयाला कळवा. सरकारी संग्रहालयाला यात सूट आहे. तालमीच्या माडीला ती आपोआप लागू होते असं समजू नका.

जमिनीत सापडलेलं. नांगराला हंडा लागला, घराच्या पायात नाणी मिळाली, तर १८७८चा निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं सापडणाऱ्यावर बंधनकारक आहे. करवीर तालुक्यातला एक शेतकरी पिशवीत नाणी घेऊन माझ्याकडे आला होता. मी पिशवी उघडलीही नाही, त्याच्यासोबत तहसील कचेरीत गेलो.

देवळातली मूर्ती. 'जीर्णोद्धारात जुनी काढली, घेऊन जा' असं गावकरी प्रेमाने म्हणतात. ठराव, मालकी, पुरातत्त्व खात्याचं मत, हे सगळं लेखी नसेल तर हात जोडा.

शिकारीची वस्तू. संस्थानी शिकारीचा वारसा आपल्या गावात घरोघर आहे. वाघाचं कातडं, शिंगं, हस्तिदंताची मूठ. वन्यजीव संरक्षण कायदा कडक आहे. मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी ते असं हातोहात दान होत नाही. वनखात्याला लेखी विचारल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

हत्यारं. मर्दानी खेळाचे दांडपट्टे, तलवारी, भाले आमच्याकडे ढिगाने आहेत. त्यांची यादी पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. ठासणीची बंदूक आली तर यादीही नको, आधी ठाण्यात जा.

फिल्मची डबडी. हा धोका कोल्हापूरचा खास. बाबूराव पेंटरांपासून इथे चित्रपट बनत आले, त्यामुळे कुणाच्या तरी पोटमाळ्यावर रिळांचा डबा निघतोच. १९५०च्या आधीची फिल्म बहुधा नायट्रेटची असते. ती आपोआप कुजते, उग्र वास येतो, चिकट होते आणि पेटली तर विझत नाही. डबा उन्हात ठेवू नका, बंद खोलीत ठेवू नका, प्रोजेक्टरवर तर चढवूच नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी बोला.

याच संहितेतला आणखी एक नियम आमच्या रोजच्या कामात उपयोगी पडतो : संग्रहालयाच्या माणसाने लोकांच्या वस्तूंची बाजारातली किंमत सांगत बसायचं नाही. महिन्यातून दोनदा तरी कुणी विचारतो, "मास्तर, याचे किती येतील?" मी सांगतो, वय सांगेन, वापर सांगेन, किंमत सांगणार नाही. एकदा सांगितली की तुमची माडी दलालांचा अड्डा होते.

६. आता फॉर्म

सदस्यत्व दोन प्रकारचं असतं : व्यक्तीचं आणि संस्थेचं. छोट्या जागेनं आधी एका व्यक्तीचं घ्यावं, वर्षभर बघावं आणि मग संस्थेचं. संस्थेच्या फॉर्मवर अध्यक्षांची सही लागते आणि अध्यक्ष निवडणुकीनंतर बदलतात. पत्रव्यवहाराचा ईमेल कुणा एकाच्या नावाचा न ठेवता संस्थेच्या नावाचा काढा, नाहीतर पासवर्ड जुन्या सचिवाबरोबर जातो. आमचा गेला.

आयकॉमचं सदस्यत्व संग्रहालयात काम करणाऱ्यांसाठी आहे. संग्रहालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांनाही मिळतं. सांस्कृतिक वस्तूंचा धंदा करणाऱ्याला ते मिळत नाही. तुमच्या कार्यकारिणीत जुन्या वस्तूंचे व्यापारी असतील तर हे आधीच बोलून घ्या, नंतर वाईटपणा येतो. आयकॉमच्या ओळखपत्रावर जगभरातल्या अनेक संग्रहालयांत मोफत किंवा सवलतीत प्रवेश मिळतो. काही जण त्यासाठीच सदस्य होतात. ज्याला परदेशी जायचं नाही त्याने आधी भारतीय संघाकडे वळावं, हे माझं मत.

एका फाइलमध्ये हे तयार ठेवा :
– नोंदणी प्रमाणपत्र आणि घटनेची प्रत
– संस्थेचं पॅन कार्ड
– सदस्यत्व घ्यायचा कार्यकारिणीचा ठराव, सही-शिक्क्यासह
– संग्रहालयाची एका पानाची ओळख (वस्तूंचा आकडा, वेळ, जागा, कोण सांभाळतं)
– काम करणाऱ्याचं पत्र : तुम्ही मानधनावर असाल किंवा सेवाभावी, तसं स्पष्ट लिहा
– नोंदवहीच्या दोन पानांच्या झेरॉक्स आणि खोलीचे चार-सहा फोटो
– मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशोब

शेवटचे दोन सदस्यत्वासाठी कुणी मागेल किंवा नाही मागणार, पण अनुदानाच्या वेळी हीच फाइल उघडावी लागते. वर्गणी ऑनलाइन भरली की पावती त्याच दिवशी छापून फाइलला लावा.

७. सदस्य झाल्यावर काय करायचं

नुसतं प्रमाणपत्र फ्रेम करून लावणारे खूप. संघाचा उपयोग माणसांत आहे. तिथे अशी माणसं भेटतात ज्यांनी तुमचीच वाळवी, तुमचाच दमटपणा आणि तुमचेच अध्यक्ष दुसऱ्या गावात सोसलेले असतात.

पहिल्या अधिवेशनाला मी भाषणं ऐकत बसलो आणि परत आलो. दुसऱ्या वेळी एक प्रश्न आणि सहा फोटो घेऊन गेलो. प्रश्न होता : आमच्या तांब्याच्या घंगाळावर हिरवी पूड का येते? कारण असं होतं की घंगाळ आलं तेव्हा आम्ही ते चिंच-मिठाने घासून लख्ख केलं होतं, पाहुणे येणार होते ना. जेवणाच्या रांगेत एका जतनतज्ज्ञाने फोटो पाहिला आणि विचारलं, "मीठ लावलं होतं?" मिठातला क्लोराइड तांब्यात शिरतो, हवेतल्या ओलाव्याने आतून खात राहतो. वर्षानुवर्षांची काळपट झळाळी हे तर त्या भांड्याचं कातडं होतं, ते आम्हीच सोलून काढलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे चिंच, लिंबू, पितांबरी, रंधा, व्हार्निश सगळं बंद. मऊ ब्रश आणि धीर, एवढ्यावर भागतं. त्याच माणसाने लखनऊच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेची माहिती दिली. केंद्र सरकारची ही प्रयोगशाळा जतनाचं प्रशिक्षण देते. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही जतनाचा चांगला विभाग आहे. अशा ठिकाणी 'अमक्यांनी पाठवलंय' असं सांगता येणं, हा सदस्यत्वाचा खरा फायदा.

संघाचं नियतकालिक मागवा आणि जुने अंकही वाचा. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या लेखांत एसीशिवाय, पैशाशिवाय वस्तू कशा सांभाळायच्या याच्या युक्त्या आहेत आणि आपली स्थिती अजून तीच आहे. स्वतःही लिहा. मी लोखंडी जिन्यावर टिपण पाठवलं होतं. मोठ्या संग्रहालयवाल्यांना आपल्यासारख्यांचे प्रश्न माहीत नसतात.

एक तक्रारही नोंदवतो. अशा व्यासपीठांवर कामकाज बहुतेक इंग्रजी-हिंदीत चालतं. आपण मराठीत विचारलं तर आभाळ कोसळत नाही, शेजारचा कुणीतरी भाषांतर करतो. गप्प बसून येऊ नका.

८. ऐकलेलं आपल्या पावसाला जुळवून घ्या

तिथे शिकवलेलं सगळं जसंच्या तसं इथे चालत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं, आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा. जुलैत कोल्हापुरात हे म्हणजे रंकाळा कोरडा ठेवा म्हणण्यासारखं. आकड्यामागे धावण्यापेक्षा चढ-उतार कमी करा. एक साधा आर्द्रतामापक घ्या आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहा. भिंतीपासून कपाट चार बोटं पुढे ओढा. सिलिका जेलच्या पुड्या बंद पेट्यांत ठेवा आणि रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. पोथ्यांना मांजरपाटात बांधा. कापड आणि कागदावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं माप) जास्त उजेड नको. मोबाइलवरच्या ॲपने अंदाज येतो. खिडकीला जाड पडदा लावल्यावर वस्ताद म्हणाले, "हे काय, सुतक आहे का?" पण फेट्यांचा रंग टिकला.

पुराचं मात्र कुणी दुसरा शिकवणार नाही. आमची माडी पहिल्या मजल्यावर म्हणून निर्धास्त होतो, पण मोठ्या वस्तू खालीच होत्या. २०१९ आणि २०२१, दोन्ही वेळा पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आता नियम असा : बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी आली, की खालची प्रत्येक वस्तू वर. ४३ फूट, म्हणजे धोका पातळी, तोवर वाट बघायची नाही, कारण तेव्हा पोरं आपापल्या घरचं सामान हलवत असतात. कोणती वस्तू आधी उचलायची याची दहा नावांची यादी दाराच्या आत चिकटवली आहे. पहिलं नाव नोंदवहीचं.

कागद भिजलाच तर उन्हात टाकू नका, पानं ओढून सोडवू नका. टिपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यात सावकाश वाळवा. फारच गठ्ठा असेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोठवा. ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याचा डीप फ्रीझर आम्ही आधीच बोलून ठेवला आहे. फोटो मात्र गोठवण्याआधी विचारून घ्या, काचेच्या निगेटिव्ह तर अजिबात गोठवू नका.

९. पैशाकडे

आता मूळ पत्राकडे. संस्कृती मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहे. नवं संग्रहालय, जुन्याचा विकास, वस्तूंचं डिजिटायझेशन, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, अशी कामं तिच्यात बसतात आणि नोंदणीकृत न्यास-संस्थाही अर्ज करू शकतात. तीन गोष्टी लक्षात ठेवा. सगळा खर्च केंद्र देत नाही, ठरलेला हिस्सा संस्थेने घालायचा असतो. तो कुठून येणार हे अर्जाआधी ठरवा. दुसरं, सविस्तर प्रकल्प अहवाल लागतो. तो एजंटाकडून 'तयार' मिळतो आणि त्यात तुमच्या तालमीच्या जागी दुसऱ्याच जिल्ह्यातल्या किल्ल्याचं नाव राहून गेलेलं असतं. हे आमच्याबाबतीत घडलं आहे. अहवाल स्वतः लिहा, आकडे नोंदवहीतून घ्या. तिसरं, पैसा हप्त्यांनी येतो आणि मागच्या हप्त्याचं विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, दिल्याशिवाय पुढचा सुटत नाही. प्रत्येक बिल पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाइलला लावा.

आमची कपाटं शेवटी पेठेतल्याच एका फॅब्रिकेटरने निम्म्या दरात करून दिली. कारण नोंदवहीत त्याच्या आजोबांचं नाव निघालं, क्रमांक २०२२.११.१, लाकडी मुद्गल जोडी.

१०. पहिली तारीख

सुरुवात कधी करायची म्हणाल, तर १८ मे धरा. १९७७ पासून आयकॉम हा दिवस आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन म्हणून पाळते आणि दरवर्षी एक विषय देते. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते, पाहुणे आलेले असतात, पाऊस यायचा असतो. आम्ही त्या दिवशी पेठेला सांगतो : घरातली एक जुनी वस्तू आणि तिची गोष्ट घेऊन या, वस्तू परत घेऊन जा, गोष्ट लिहून ठेवू. दाराशी एक टेबल, दोन पोरं, एक मोबाइल फोटोसाठी आणि तात्पुरत्या स्वीकृतीचं पावतीपुस्तक. वस्तू हातात घेतली की पावती, परत दिली की त्याच पावतीवर सही. पुस्तकं दोन ठेवा. गेल्या खेपेला एक दुपारी चारलाच संपलं आणि बाहेर बोळात रांग उभी होती.